मदत हवी आहे: भर उन्हाळ्यात ख्रिसमस पार्टी

मोरपीस:

माझा धाकटा दीर बोटीवर असतो. डिसेंबरात त्याची सुट्टी कधी जमतच नाही, त्यामुळे मुलांचा ख्रिसमस दरवर्षी बाबाशिवाय, फार तर व्हिडिओ कॉलवर. या वेळी तो ऐन उन्हाळ्यात घरी येतोय, तर जाऊ म्हणाली, "मग आत्ताच करू की ख्रिसमस!" आमच्या घराला अंगण आहे, म्हणून पार्टी आमच्याकडे. मोठी-लहान धरून पंचवीसेक माणसं, त्यात निम्मी दहाच्या आतली पोरं.

झाड आहे (प्लॅस्टिकचं), दिव्यांच्या माळा आहेत, सीक्रेट सँटाच्या चिठ्ठ्याही टाकून झाल्या. घोडं अडलंय ते उकाड्यापाशी. दुपारी चारला सुरू करून अंधार पडेपर्यंत चालवायचा बेत होता, पण चारला अंगणात पाय ठेववत नाही. धाकट्या पुतणीचं ठाम मत आहे की बर्फाशिवाय ख्रिसमस होतच नाही. जाऊला जिंजरब्रेडचं घर करायचंय. दीर स्वतः सँटा होणार. मखमली झगा, पोटाला उशी, दाढी असा सगळा साज भाड्याने आणणार म्हणतो. तो भोवळ येऊन पडेल अशी मला खरीच भीती वाटते. आणि सासूबाई विचारतायत, भलत्याच महिन्यात सण केला तर लोक हसणार नाहीत का?

कोणी असं काही केलं असेल तर सांगा. आगाऊ आभार.

निवडुंग:

सासूबाईंना आधी निर्धास्त करा. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या कीस्टोन कॅम्प या मुलींच्या उन्हाळी शिबिरात जुलै १९३३ मध्ये झाड, भेटवस्तू, सँटा असा साग्रसंगीत ख्रिसमस झाला होता. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनजवळच्या बाकन या करमणूक उद्यानात १९५७ पासून सँटा लोकांचं संमेलन भरतं, तेही जुलैत आणि पूर्ण वेषात. दक्षिण गोलार्धाचं तर विचारूच नका, तिथे खरा ख्रिसमसच उन्हाळ्यात येतो. न्यूझीलंडमध्ये डिसेंबरात पोहुतुकावा नावाचं झाड लालभडक फुलतं आणि तेच तिथलं ख्रिसमसचं झाड मानतात. मेलबर्नमध्ये १९३८ पासून लोक उन्हाळ्याच्या रात्री उघड्यावर बसून मेणबत्त्यांच्या उजेडात कॅरोल गातात. बर्फावरचं एक गाजलेलं इंग्रजी गाणंसुद्धा हॉलिवूडच्या जुलैतल्या उकाड्यात, १९४५ साली लिहिलं गेलंय. हसणाऱ्याला एवढं ऐकवलं तरी पुरे.

माझं मत विचाराल तर हिवाळ्याचं नाटक करायच्या भानगडीत पडूच नका. उन्हाळ्यातला ख्रिसमस म्हणूनच करा. सँटा सुट्टीवर आलाय, चपला घालून. तुमचा दीरही सुट्टीवरच आलाय ना!

खटपट्या:

निवडुंग यांना अनुमोदन, पण पुतणीचं मन मोडू नका. बर्फाचं बघू.

आधी वेळ. चार वाजता सुरू करण्यात काही अर्थ नाही. उन्हात दिव्यांच्या माळा दिसतच नाहीत, आणि निम्मा ख्रिसमस तर त्या माळांतच असतो. त्या दिवशी सूर्य किती वाजता मावळतो ते पाहा आणि त्याच्या तासभर आधी लोकांना बोलवा. पहिला तास घरात खेळ, चिठ्ठ्या, खाणं. ऊन उतरलं की अंगण. मग एकदम सगळ्या माळा लावा, पोरांकडून उलटे आकडे मोजून घेऊन. बाहेर लावायच्या माळा आयपी ४४ किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या एलईडी घ्या, म्हणजे पाण्याच्या शिंतोड्यांचं भय नाही. मेणाच्या उंच मेणबत्त्या उन्हात ठेवू नका, पेटवायच्या आधीच माना टाकतात.

खोटा बर्फ: पांढरी पूड मिळते, पाणी घातलं की फुगते. ती सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेटची असते, डायपरमध्ये पाणी शोषायला वापरतात तेच. चमचाभर पुडीचा वाडगाभर बर्फ होतो. पाणी घालून थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवला की हाताला गारही लागतो. पण जमिनीवर पसरू नका. ओला झाला की बुळबुळीत होतो, पळणारी पोरं आपटतील. मोठ्या परातीत किंवा टबात घालून एका कोपऱ्यात ठेवा, त्यात छोटी खेळणी पुरा आणि शोधायला लावा. रांगतं मूल किंवा कुत्रं-मांजर असेल तर हा नादच नको, तोंडात घालायची वस्तू नाही ती. हिमगोळ्यांची लढाई हवी असेल तर पांढऱ्या लोकरीचे गोंडे करा. नाहीतर स्पंजचे तुकडे बर्फाच्या पाण्यात बुडवून द्या. मोठी माणसंही खेळायला येतील, लिहून ठेवा.

रातराणी:

कोरडा बर्फ आणला तर? धुक्यासारखा धूर काय सुंदर दिसतो! भेटवस्तूंच्या टेबलाखाली ठेवता येईल.

खटपट्या:

रातराणी, पोरांच्या पार्टीत मी तरी नाही आणणार. उणे ७८.५ अंशांचा असतो, उघडा हात लागला तर कातडी भाजल्यासारखी होते. शिवाय त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, म्हणजे साचतो खाली, नेमका जिथे पोरं बसलेली असतात. बंद डब्यात ठेवला तर डबा फुटू शकतो. दिसायला सुंदर, मान्य.

पाकघर:

जिंजरब्रेडच्या घराबद्दल मला बोलायलाच हवं. त्याचा शत्रू हवेतला ओलावा, गरमी नंतर. भिंती कडक भाजल्या तरी दमट हवेत बिस्किट पाणी ओढून घेतं आणि मऊ पडतं. मग छपराच्या वजनाने भिंती आत झुकतात. म्हणून लाटताना पातळ लाटा, नेहमीपेक्षा जरा जास्त भाजा, पूर्ण गार झाल्यावरच हवाबंद डब्यात भरा. जोडायला लोण्याचं आयसिंग वापरू नका, ते ओघळणारच. अंड्याच्या पांढऱ्याचं किंवा मेरिंग पावडरीचं रॉयल आयसिंग घ्या. भिंती आदल्या दिवशी जोडून वाट्यांचा टेकू देऊन ठेवा, छप्पर दुसऱ्या दिवशी. आणि घर आतल्या खोलीतच राहू दे. हवा फारच दमट असेल तर घराचा हट्ट सोडून चांदण्यांची बिस्किटं करा. सजवायला पोरांना तीच जास्त आवडतात.

चॉकलेट ३०-३४ अंशांच्या दरम्यान वितळतं, त्यामुळे बाहेरच्या टेबलावर चॉकलेटचं काहीही नको. आणि एक गोष्ट गंभीरपणे घ्या. अमेरिकी कृषी खात्याचा नियम आहे: शिजवलेलं किंवा नासणारं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. क्रीम, मेयोनीज, मांसाचे पदार्थ थोडे थोडे बाहेर आणा.

गरम मसालेदार वाइनऐवजी तोच मसाला गार प्यायला द्या. लाल द्राक्षाच्या किंवा सफरचंदाच्या रसात दालचिनी, लवंग, चक्रीफूल आणि संत्र्याची साल घालून मंद आचेवर उकळा, गाळा, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. गार पेयात गोडी आणि मसाला दोन्ही कमी जाणवतात, म्हणून चव घेताना जरा जहाल वाटेल इतका मसाला घाला. त्यात सोडायला बर्फाचं कडं करा. मधे भोक असलेल्या केकच्या साच्यात आधी बोटभरच पाणी घालून लाल बेरी आणि पुदिन्याची पानं पसरा आणि गोठवा. मग वरून उरलेलं पाणी. एकदम सगळं पाणी घातलं तर फळं तरंगून एकाच बाजूला गोळा होतात. एवढा मोठा तुकडा सुट्या खड्यांपेक्षा खूप सावकाश वितळतो, पेय पाणचट होत नाही. साच्यातून उलटा काढाल तेव्हा हिरवं-लाल तोरण दिसेल, फोटो तेव्हाच काढून घ्या!

रातराणी:

फुलांचं सांगते. पॉइन्सेटियाच्या (ख्रिसमसला दिसणारं ते लाल पानांचं झाड) मागे लागू नका. लांब रात्री मिळाल्याशिवाय त्याची पानं लाल होत नाहीत, जवळपास आठ आठवडे रोज चौदाएक तास गडद अंधार लागतो. उन्हाळ्यात बहुतेक हिरवंच मिळेल. जास्वंद, जिरेनियम, जे लाल फुललं असेल ते घ्या. आणि वासाला विसरू नका. संत्र्याला लवंगा टोचून आदल्या दिवशी घरात टांगा, दारातून आत आल्या आल्या ख्रिसमस वाटतो.

निवडुंग:

सँटाचं राहिलंच. मखमल आणि उशी दोन्ही बाद करा. लाल सुती शर्ट, अर्धी विजार, रुंद पट्टा, टोपी. दाढी गोंदाने चिकटवू नका, घामाने सुटते, इलॅस्टिकची घ्या. घरातच, पंख्याखाली बसवा आणि पंधरा मिनिटांत मोकळा करा. अगदी झगाच घालायचा झाला तर आत गार केलेले जेल पॅक, पण टॉवेलात गुंडाळून, उघड्या अंगावर नाही. आधी-नंतर भरपूर पाणी.

मोरपीस:

मंडळी, काय काय सुचवलंत! सासूबाईंना डेन्मार्कचं वाचून दाखवलं, तेव्हापासून त्या स्वतःसाठी लाल टोपी शोधतायत. दीर अर्ध्या विजारीवर एका अटीवर तयार झाला: काळे बूट तो घालणारच. घालू दे. वेळ सूर्यास्ताआधी तासभर अशी कळवून टाकली. कोरडा बर्फ रद्द (सॉरी, रातराणी). जिंजरब्रेडच्या घरावरून जाऊशी बोलणी चालू आहेत, ती मागे हटायला तयार नाही.

एकच शंका उरली. तो फुगणारा बर्फ पार्टीनंतर टाकायचा कुठे? मोरीत ओतला तर चालेल का?

खटपट्या:

मोरीत अजिबात नको, आत आणखी पाणी पिऊन फुगेल आणि नळी तुंबेल. जाड मीठ भुरभुरून ढवळा, पाणी सोडतो आणि आक्रसतो. मग फडक्यातून गाळून चोथा पिशवीत बांधून कचऱ्यात. ते खारं पाणी मात्र कुंड्यांना घालू नका. मीठ न घालता चार दिवस परातीत वाळू दिलात तर पुन्हा पूड होते. कोरडी झाकून ठेवा, डिसेंबरात वापरता येईल.