वेबस्फिअरचे प्रोफाइल इन्स्टॉलेशनच्या डिरेक्टरीतच ठेवावे का?

प्रश्न:
वेबस्फिअर ॲप्लिकेशन सर्व्हर ८.५.५ (जावा ॲप्लिकेशन्स चालवणारे आयबीएमचे सॉफ्टवेअर) आमच्याकडे एआयएक्सवर (आयबीएमची युनिक्स ऑपरेटिंग सिस्टिम) /यूएसआर/आयबीएम/वेबस्फिअर/ॲपसर्व्हर येथे, लिनक्सवर /ऑप्ट/आयबीएम/वेबस्फिअर/ॲपसर्व्हर येथे, तर विंडोजवर प्रोग्राम फाइल्समध्ये आहे. प्रोफाइल (सर्व्हर चालवण्यासाठी लागणाऱ्या त्याच्या स्वतःच्या फाइल्सचा संच) मात्र तिन्हीकडे याच डिरेक्टरीच्या पोटात, ‘प्रोफाइल्स’मध्ये, तयार झाली आहेत. नव्या सर्व्हरांसाठी सर्वत्र एकच पाथ ठरवावा, की डीफॉल्ट तसेच राहू द्यावे?

उत्तर १:
पाथ सर्वत्र सारखा असावा हा आग्रह माझ्या मते सोडून द्यावा, कारण त्या त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रथेप्रमाणे तो बदलणारच; लिनक्समध्ये बाहेरून आणलेल्या सॉफ्टवेअरसाठी /ऑप्ट राखून ठेवलेले असते. स्क्रिप्टमध्ये पूर्ण पाथ न लिहिता व्हेरिएबल वापरले की हा प्रश्न मिटतो.

खरा मुद्दा प्रोफाइलचा आहे. उत्पादनाच्या, म्हणजे खुद्द वेबस्फिअरच्या, फाइल्स फिक्सपॅक (दुरुस्त्यांचा अपडेट) लावतानाच बदलतात, पण प्रोफाइलमध्ये कॉन्फिगरेशन, डिप्लॉय केलेली ॲप्लिकेशन्स आणि लॉग असल्यामुळे ते रोज वाढते. दोन्ही एकाच फाइलसिस्टिमवर असतील, तर लॉगने जागा भरल्यावर फिक्सपॅकही लागत नाही. आयबीएम आय या प्रणालीवर ही विभागणी मुळातच आहे: उत्पादन ‘/क्यूआयबीएम/प्रॉडडेटा’खाली आणि प्रोफाइल ‘/क्यूआयबीएम/युझरडेटा’खाली. इतरत्र ती आपणच करावी लागते; मॅनेजप्रोफाइल्स कमांडला ‘प्रोफाइलपाथ’ देऊन प्रोफाइल वेगळ्या फाइलसिस्टिमवर तयार करावे.

उत्तर २:
सहमत आहे. विंडोजबाबत एक भर घालतो: तेथे पाथच्या लांबीची जुनी मर्यादा २६० अक्षरांची आहे, आणि सेल (नोडांचा गट), नोड (एका यंत्रावरील सर्व्हरांचा गट), ॲप्लिकेशन अशी नावे एकात एक जात असल्यामुळे प्रोफाइलच्या आतील पाथ फार लवकर लांबतात. म्हणून तेथे प्रोफाइल ड्राइव्हच्या मुळाशी, आखूड नावाच्या फोल्डरात ठेवावे. शिवाय प्रोग्राम फाइल्समध्ये सामान्य वापरकर्त्याला लिहिण्याची परवानगी नसते, त्यामुळे सर्व्हिस ॲडमिनिस्ट्रेटर नसलेल्या खात्याने चालवायची असेल, तर तेथील प्रोफाइल अडचणीचेच ठरते.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. सध्याची प्रोफाइल नुसती उचलून दुसऱ्या डिरेक्टरीत हलवली तर चालतील का?

उत्तर १:
नाही. प्रोफाइलचा पूर्ण पाथ उत्पादनाच्या ‘प्रॉपर्टीज’ डिरेक्टरीतील प्रोफाइल रजिस्ट्रीत आणि प्रोफाइलच्या स्वतःच्या स्क्रिप्टमध्येही नोंदलेला असतो, त्यामुळे फोल्डर हलवल्यावर सर्व्हर सुरू होणार नाही. नव्या जागी प्रोफाइल तयार करून त्यावर ॲप्लिकेशन्स पुन्हा डिप्लॉय करावीत. डब्ल्यूएसॲडमिनच्या (वेबस्फिअरच्या कमांड-लाइन साधनाच्या) स्क्रिप्ट तयार असतील तर हे काम फारसे जड जात नाही.