मदत हवी आहे: खाऱ्या वाऱ्यात टिकतील अशी इथलीच झाडं (गुहागर)

सड्यावरचा:
नमस्कार मंडळी. गुहागरजवळ सड्याच्या (कातळी पठाराच्या) कडेला आमचं घर, भोवती सहा गुंठे. पश्चिमेला खाली समुद्र, मध्ये आडोसा म्हणून काही नाही. दोन वर्षांपूर्वी मुंबईच्या एका माणसाकडून बाग करून घेतली: हिरवळ, अरेका पाम, कुंपणाला डुरांटा. पहिल्याच पावसाळ्यात वाऱ्याने पाम करपले आणि पुढच्या मे महिन्यात विहीर हिरवळीलाच पुरेना. आई म्हणते, "आजोबांनी विहीर काय गवत पोसायला खणलीन?"

आता सगळं काढतोय. माती वीतभर, खाली जांभा. मागे दोन फूट खड्डा मारून बकुळ लावली, तर जुलैभर पाणी साचून मुळंच कुजली. वाऱ्याच्या बाजूला सुरू लाव असं दोघांनी सांगितलं, पण ते झाड मुळात इथलं नाही. मग काय लावू? रातांबा (कोकम) आणि सुरंगी हवीच आहे.

आगरातली:
मी श्रीवर्धनची. 3 जून 2020 ला 'निसर्ग' वादळात आमच्या निम्म्या पोफळी एका दुपारी आडव्या झाल्या. बांधावरची उंडीण मात्र फांद्या गमावून उभी राहिली. वाऱ्याला पुढे तीच लावा, जोडीला भेंड. उंडीण वाढायला सावकाश, पण पसरते फार, म्हणून घरापासून वीसेक फूट लांब. तिच्याही पुढे करवंद आणि निगडी (निर्गुंडी) दाट लावा, गुरंही आत येत नाहीत. बकुळ, रातांबा या सगळ्यांच्या आड. रातांब्याला तशीही थोडी सावली मानवते. सुरंगी नातवंडांसाठी लावायची, घाई नको.

वेंगुर्ल्याचो:
रातांब्याचं कलमच घ्या. बियांपासूनच्या रोपांत निम्मी नर निघतात. आमी सात वर्सां पाणी घातलेलो रातांबो शेवटाक बापयो निघालो! आता त्येच्यार मिरीचो वेल चढवलंव. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकम अमृता' जात विचारा.

तुमचा खड्डा म्हणजे कातळातलं पातेलं झालं होतं. उताराच्या बाजूने चर फोडून द्या. कातळ फुटतच नसेल तर खणू नका, जांभ्याच्या दगडांचं दोन फूट उंच आळं रचा आणि त्यात माती, शेणखत भरा. हे मे संपायच्या आत, लागवड दोन-चार चांगले पाऊस झाल्यावर.

हिरवळीच्या जागी विकतची माती पसरू नका. सडा उघडा राहिला तर जूनमध्ये दीपकाडी दिसेल, श्रावणात सीतेची आसवं, ही आपली रानफुलं. नशिबात असेल तर फुकट.

सड्यावरचा:
दीपकाडी पलीकडच्या सड्यावर येते, आमच्या अंगणात हिरवळीखाली गाडली गेली असणार. उद्यापासून गवत खरवडतो. ताई, उंडीची फळं तुमच्याकडे मिळतील का? इथल्या नर्सरीत विचारलं तर त्यांनी मला परत पामच दाखवला.

आगरातली:
झाडाखाली फळांचा सडा पडलेला असतो, वटवाघळं टाकतात. पिशवी घेऊन या. कवच हलकं फोडून पेरा, नाहीतर महिनोन्‌महिने वाट बघाल.