मिकोनोसचे किनारे, जेवण आणि रात्री: आपले अनुभव येथे लिहावेत

ग्रीसच्या सायक्लेडीज द्वीपसमूहातील मिकोनोस हे बेट सुमारे ८५ चौरस किलोमीटरचे, आणि तेथील कायमची वस्ती दहा हजारांच्या थोडी वर आहे. एवढ्याशा जागेत उन्हाळ्याचे चार महिने जी गर्दी लोटते, तिच्यात आपण कोणत्या किनाऱ्यावर किती वाजता जावे, कोठे जेवावे आणि मध्यरात्रीनंतर मुक्कामी कसे परतावे, हे छायाचित्रे पाहून कळत नाही. म्हणून जे जाऊन आले आहेत त्यांनी आपापला अनुभव सविस्तर लिहावा, अशी विनंती करतो. महिना, सोबत कोण होते आणि काय चुकले, एवढे अवश्य लिहावे. सुरुवात माझ्यापासून करतो.

आम्ही ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात चौघे गेलो होतो आणि आमची पहिली चूक वाऱ्याची होती. एजियन समुद्रावर उन्हाळ्यात उत्तरेकडून जो कोरडा वारा वाहतो त्याला तेथे मेल्तेमी म्हणतात. आकाश निरभ्र असते, ऊन लखलखीत असते, आणि तरीही हा वारा तीन-तीन दिवस थांबत नाही. स्वस्त पडले म्हणून आम्ही उत्तरेकडच्या फ्तेलिया किनाऱ्याजवळ खोली घेतली. तेथे वाळू अंगावर सुईसारखी टोचत होती आणि पाण्यात फक्त शिडाच्या फळ्यांवरून वाऱ्याशी खेळणारे लोक होते. आमच्या घरमालकीणबाईंनीच सांगितले की वारा असेल त्या दिवशी दक्षिणेला जावे, कारण मधल्या डोंगरांच्या आडोशामुळे ओर्नोस, प्सारू, प्लातिस यालोस, पारागा, एलिया हे किनारे बरेच शांत राहतात. त्या दिवशी दुपारी प्लातिस यालोसला पोचलो तर पाणी काचेसारखे स्थिर होते. अंतर जेमतेम काही किलोमीटरचे, पण समुद्र दोन वेगळ्या देशांचे वाटावेत इतके निराळे.

वारा फार वाढला की बंदर प्रशासन जहाजांना निघण्याची मनाई करते. आमचे अथेन्सच्या पिरेयस बंदराला जाणारे जहाज असेच एक दिवस अडले आणि अथेन्सहून मुंबईचे विमान चुकले. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो की परतीच्या विमानाच्या आदली रात्र अथेन्समध्येच काढावी.

*

दुबईहून, जून महिना, दोन कुटुंबे आणि तीन मुले

वाऱ्याविषयी वर लिहिले आहे ते अगदी खरे आहे. मी खर्चाविषयी लिहिते, कारण आमचे सगळे गणित तेथेच चुकले.

नावाजलेल्या किनाऱ्यांवर बहुतेक वाळू सनबेड आणि छत्र्यांनी व्यापलेली असते. भाडे जोडीचे असते, पहिल्या रांगेचे वेगळे आणि मागच्या रांगेचे वेगळे असते, आणि काही ठिकाणी त्याखेरीज ठरावीक रकमेचे खाणेपिणे मागवावेच लागते. हे सारे बसण्यापूर्वी विचारून घ्यावे. प्सारूवर आम्ही न विचारता बसलो आणि एका दिवसात जेवढे दिले तेवढ्यात पुढचे तीन दिवस ओर्नोसला आनंदाने घालवले. ओर्नोसचे पाणी उथळ आहे, मुलांसाठी ते सर्वांत चांगले.

दुसरी गोष्ट मासळीची. ताजी मासळी बहुधा किलोच्या भावाने विकतात आणि मेनूवर लिहिलेला आकडा हा ताटलीचा नसून किलोचा असतो. किनाऱ्यावरच्या एका खानावळीत आम्हांला मासा दाखवला, पण वजन सांगितले नाही, आणि बिल आल्यावर माझ्या दिरांचा चेहरा उतरला. पुढच्या वेळी त्यांनी स्वतः आत जाऊन मासा डोळ्यांसमोर तोलून घेतला, किंमत कागदावर लिहून घेतली आणि मगच तो निखाऱ्यावर चढवायला सांगितला. यात कोणालाही वावगे वाटले नाही. ग्रीसमध्ये पावती दिली नाही तर ग्राहकाने पैसे देण्याचे बंधन नाही, आणि ही सूचना मेनूवर छापलेली असते. ती माहीत असली की बोलताना आवाज न चढवताही ठामपणा येतो.

नळाचे पाणी पिऊ नये. बाटल्या गावातल्या दुकानातून घ्याव्यात, किनाऱ्यावरून घेऊ नयेत.

*

मुंबईहून, जुलै, पाच मैत्रिणी

आम्ही मुख्यतः रात्रींसाठी गेलो होतो, आणि मिकोनोसची रात्र समजून घ्यायला आम्हांला दोन दिवस लागले. पहिल्या दिवशी आठ वाजता जेवून साडेदहाला तयार होऊन बाहेर पडलो, तर संगीताच्या जागा रिकाम्या होत्या आणि कर्मचारी खुर्च्या मांडत होते.

तेथला क्रम असा आहे. सूर्यास्ताच्या वेळी लोक खोरा या मुख्य गावातल्या लिटल व्हेनिसला जमतात. त्या ओळीतल्या जुन्या घरांचे लाकडी सज्जे थेट समुद्रावर आलेले आहेत, लाटा पायरीला लागून फुटतात, आणि डावीकडे टेकडीवर पवनचक्क्यांची रांग दिसते, ज्यांत पूर्वी याच वाऱ्यावर धान्य दळले जाई. जेवायला दहा वाजता बसतात. बारानंतर मातोयान्नी गल्ली आणि तिच्या आसपासचे बार भरतात. गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की आतले संगीत आणि बाहेरची गर्दी एक होऊन जाते. दोन वाजल्यानंतर ज्यांना खरोखर नाचायचे आहे ते पॅराडाइज किनाऱ्याकडे निघतात, आणि तेथील कड्यावरच्या क्लबमध्ये जगभरातले नामांकित डीजे पहाटेपर्यंत वाजवतात. आम्ही तेथून बाहेर पडलो तेव्हा समुद्रावर तांबडे फुटले होते. पायांत त्राण नव्हते, पण त्या उजेडात शेजारी उभ्या असलेल्या चारही मैत्रिणींचे चेहरे मला आजही जसेच्या तसे आठवतात. कॉलेजनंतर आम्ही पाचजणी पहिल्यांदाच एकत्र रात्रभर जागलो होतो.

सुरक्षिततेविषयी अनेकींनी विचारले म्हणून लिहिते. आम्हांला कोठेही त्रास झाला नाही, रात्री तीन वाजताही गल्ल्यांत कुटुंबे फिरताना दिसत. तरीही आम्ही रोज एकीने दारूला स्पर्श करायचा नाही असे ठरवले होते आणि ते पाळले. टॅक्सी बेटावर फार थोड्या आहेत, मिळेल या भरवशावर राहू नये. गावाच्या दक्षिण टोकाच्या फाब्रिका थांब्यावरून पॅराडाइजकडे हंगामात रात्री उशिरापर्यंत बस असते. तिचे वेळापत्रक थांब्यावर लावलेले असते, त्याचा फोटो पहिल्याच दिवशी काढून ठेवावा.

*

पुण्याहून, सप्टेंबर, आम्ही दोघे

मी आणि माझा जोडीदार, दोघेही पुरुष, नऊ वर्षे एकत्र आहोत. मिकोनोस १९७० च्या दशकापासून समलिंगी प्रवाशांना आपलेसे करणारे बेट म्हणून ओळखले जाते, एवढे वाचून आम्ही गेलो होतो. प्लातिस यालोसहून लहान बोटी किनाऱ्याकिनाऱ्याने पॅराडाइज, सुपर पॅराडाइज आणि एलियाला नेतात. आम्ही सुपर पॅराडाइजला उतरलो. तेथे संगीत, रंग, नाच सगळे होते, पण मला सांगायचे आहे ते संध्याकाळचे. परतून गावात चालताना त्याने माझा हात धरला आणि मी सवयीने आजूबाजूला पाहिले. एक आजीबाई दारात भाजी निवडत बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिले, ‘कालिस्पेरा’ म्हणाल्या, म्हणजे शुभ संध्याकाळ, आणि पुन्हा भाजी निवडू लागल्या. आम्ही तो हात गल्लीच्या शेवटापर्यंत सोडला नाही. जेवणाचे, नाचाचे सगळे आठवते, पण बेटाचे नाव निघाले की मला आधी ती गल्ली आठवते.

*

नाशिकहून, मे, सासूबाईंसह

पूर्ण शाकाहारी माणसाचे तेथे कसे होईल, ही चिंता घेऊन आम्ही गेलो होतो. सासूबाई ६८ वर्षांच्या, अंडेही खात नाहीत. उत्तर असे की उत्तम होते, फक्त एक शब्द पाठ करून जावा लागतो. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक उपवासाच्या काळात मांस, अंडी, दूध वर्ज्य करतात आणि त्या पदार्थांना ‘निस्तीसिमा’ म्हणतात. हा शब्द उच्चारला की वाढणारा माणूस लगेच समजतो, पण त्या उपवासात कोळंबी, ऑक्टोपस चालतात, म्हणून तेही नकोत असे सांगावे. त्यानंतर ‘फावा’ येतो, म्हणजे पिवळी डाळ शिजवून घोटलेली, वर कच्चा कांदा, लिंबू आणि ऑलिव्हचे तेल. सासूबाईंनी पहिल्या घासाला सांगितले की हे फोडणी न दिलेले घट्ट वरण आहे, आणि त्यानंतर त्या रोज तेच मागवू लागल्या. भात भरलेले टोमॅटो आणि ढोबळी मिरच्या, भाज्या एकत्र भाजलेले ‘ब्रियाम’, टोमॅटोच्या रसात शिजवलेले मोठ्या पांढऱ्या पावट्यांचे ‘यिगांतेस’ हेही चांगले. भरलेल्या भाज्यांत खिमा नाही ना, हे मात्र विचारावे.

बेटाचे खास चीज कोपानिस्ती हे तिखट आणि उग्र असते. भाकरीसारख्या कडक पावावर ते फासून वर टोमॅटो घालतात, त्याला ‘मोस्त्रा’ म्हणतात. मला ते अतिशय आवडले. पण पारंपरिक ग्रीक चीज घट्ट करण्यासाठी बहुधा प्राणिज रेनेट, म्हणजे वासरा-करडांच्या जठरातून काढलेले दूध फाडणारे द्रव्य, वापरतात, त्यामुळे सासूबाईंनी ते घेतले नाही. ज्यांना हे पथ्य आहे त्यांनी ध्यानात ठेवावे. बदामाचे पांढरे मऊ गोड पदार्थ ‘आमिग्दालोता’ आम्ही दोन डबे आणले, तेही घटक विचारून.

*

कोल्हापूरहून, सप्टेंबर

चारचाकी ‘क्वाड’ गाडी भाड्याने घेणाऱ्यांसाठी थोडक्यात. रस्ते अरुंद, वळणाचे आणि कडेला सैल खडीचे आहेत. भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना भारतातूनच काढून न्यावा. आमच्यासमोर एक तरुण विनाहेल्मेट खडीवर घसरला आणि त्याचा खांदा निखळला. दारू घेऊन ही गाडी कोणीही चालवू नये, अशी कळकळीची विनंती आहे.

*

ठाण्याहून, मे अखेर, निवृत्त शिक्षक

आपण सर्वांनी किनारे आणि रात्री यांविषयी लिहिले. मी एका सकाळीविषयी लिहितो, जी मिकोनोसच्या मुक्कामातूनच साधता येते. जुन्या बंदरावरून बोटीने सुमारे अर्ध्या तासात डेलॉस बेट लागते. ग्रीक पुराणांनुसार अपोलो आणि आर्टेमिस यांचा जन्म येथला. इसवी सनपूर्व पाचव्या शतकात अथेन्सवासीयांनी या पवित्र भूमीवर कोणी जन्मू नये आणि कोणी मरू नये असा नियम केला होता. आजही तेथे पर्यटकाला रात्री राहता येत नाही. १९९० पासून ते जागतिक वारसास्थळ आहे.

जवळच्या नाक्सोस बेटाच्या लोकांनी इसवी सनपूर्व सातव्या शतकात अर्पण केलेले संगमरवरी सिंह तेथे ओळीने बसलेले आहेत. उघड्यावर दिसतात त्या प्रतिकृती, मूळ सिंह संग्रहालयात आहेत. घरांच्या चौकांतली खड्यांची रंगीत चित्रे मी गुडघे टेकून पाहिली. बेटावर सावली जवळपास नाही, म्हणून पहिल्या बोटीने जावे आणि टोपी व भरपूर पाणी न्यावे. पहाटे झोपणाऱ्यांना हे अवघड आहे, याची मला कल्पना आहे. माझा मुलगा आणि सून आदल्या रात्री नाचून साडेचारला आले होते, तरी नऊच्या सुमारास माझ्यासोबत धक्क्यावर उभे राहिले. बोटीत दोघे एकमेकांच्या खांद्यावर मान टाकून झोपले. उतरल्यावर सुनेने सिंहांसमोर बराच वेळ काही न बोलता उभे राहून मला विचारले, ‘बाबा, दुपारची बोट घेऊया का?’ आम्ही दुपारपर्यंत थांबलो.