मदत हवी आहे: एपिडिओलेक्स आणि सकाळचा नाश्ता

आम्ही न्यू जर्सीत असतो. मुलगी ७ वर्षांची, तिला ड्रॅव्हे सिंड्रोम (लहानपणापासून फिट्सचे झटके येणारा दुर्मिळ आजार) आहे. एपिडिओलेक्स (झटक्यांवरचं पातळ औषध) दिवसातून दोनदा चालू आहे. हे औषध उपाशीपोटी फार कमी शोषलं जातं. भरपूर स्निग्ध जेवणाबरोबर घेतलं तर रक्तातलं प्रमाण ४ ते ५ पट वाढतं. म्हणून रोज सारखंच खाऊ घालून द्या, असं डॉक्टरांनी बजावलंय. रात्री तूप-भात ठरलेला, ती काळजी नाही. सकाळी मात्र कधी अख्खा पराठा संपवते, कधी दोन घास खाऊन तोंड घट्ट मिटते, आणि मी भरलेली सिरिंज हातात धरून तशीच उभी. सोबत क्लोबाझाम (झटक्यांवरचंच दुसरं, गुंगी आणणारं औषध) आहे, त्यामुळे एखाद्या दिवशी गुंगी वाढेल आणि दुसऱ्या दिवशी झटका येईल, अशी सतत धास्ती वाटते. तुमची मुलं हे घेत असतील, तर सकाळी रोज तेवढंच स्निग्ध, पटकन पोटात जाईल असं काय देता? डोसचं डॉक्टर बघतात, मला खाण्याचं सांगा.