निवृत्तीचे 52 लाख : गृहकर्ज फेडावे, ठेवीत ठेवावे की बेशाला प्लॉट घ्यावा?

मानेवाडाकर

नमस्कार. नागपूरजवळच्या बुटीबोरीतील एका खासगी कारखान्यातून पुढील महिन्यात, वयाची साठ वर्षे पूर्ण करून, मी निवृत्त होत आहे. भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी मिळून साधारण 52 लाख रुपये हाती येतील. ईपीएसचे (कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेचे) निवृत्तिवेतन जेमतेम 4,000 रुपये आहे. मानेवाड्यातील घर स्वतःचे असून वरच्या मजल्याचे 9,000 रुपये भाडे येते. मात्र तो मजला चढवण्यासाठी घेतलेल्या कर्जाचे 11 लाख अजून बाकी आहेत, मुदत सात वर्षे, हप्ता सुमारे 17,900 रुपये. हप्ता वगळता घरखर्च 35,000 पर्यंत जातो. पत्नीचे वय 57 आहे.

2025 या एका वर्षात रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, 6.50 वरून 5.25 टक्क्यांवर आणला. त्याचा फटका मला ठेवींवर लगेच बसला, पण कर्जाचा दर 9.4 टक्क्यांवरून हललेला नाही. कर्ज एका गृहवित्त कंपनीचे आहे आणि दोनदा अर्ज देऊनही तिच्याकडून उत्तर आलेले नाही. मेहुणे म्हणतात, बेसा-बेलतरोडी भागात प्लॉट घेऊन टाका. शेजारच्या पतसंस्थेचा एजंट 10 टक्के देऊ म्हणतो. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

जुना रोखपाल

आपला दर का हलला नाही, ते आधी सांगतो. 1 ऑक्टोबर 2019 पासून बँकांना नवी बदलत्या दराची गृहकर्जे रेपोसारख्या बाह्य दराशी जोडावी लागतात आणि तिमाहीतून किमान एकदा दर बदलावा लागतो. ही सक्ती बँकांवर आहे, गृहवित्त कंपन्यांवर नाही. त्या स्वतःच्या मूळ दरावर चालतात आणि जुन्या कर्जदाराने रूपांतर शुल्क भरून मागणी केल्याशिवाय त्याचा दर कमी करण्याची घाई त्यांना नसते. पगार चालू असता, तर कर्ज बँकेकडे वळवा असे म्हणालो असतो.

आपल्या बाबतीत मात्र हिशेब सरळ आहे. कर्ज फेडले की 9.4 टक्के निश्चित वाचतात, आणि इतका परतावा कोणतीही सुरक्षित ठेव आज देत नाही. व्याजाच्या वजावटीसाठी कर्ज ठेवा, असे कोणी सुचवेल. पण आपले निवृत्तीनंतरचे उत्पन्न पाहता नव्या करप्रणालीत कर शून्यच येणार, मग वजावट कशातून घ्यायची? वैयक्तिक गृहकर्जाचा दर बदलता असेल तर मुदतपूर्व फेडीवर दंड लागत नाही. आपला दर बदलता आहे की स्थिर, एवढे करारपत्रात पाहून घ्या.

धंतोलीहून

रोखपालसाहेबांशी सहमत आहे. उरलेल्या 41 लाखांपैकी 30 लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवावेत, आणि ते लवकर ठेवावेत. या योजनेचा दर सरकार दर तिमाहीला ठरवते, परंतु खाते ज्या दिवशी उघडले त्या दिवशीचा दर पाच वर्षे कायम राहतो. मार्च 2020 मध्ये हा दर 8.6 टक्के होता, एप्रिलमध्ये तो एकदम 7.4 वर आला. ज्यांनी मार्चअखेर खाते उघडले, त्यांना पुढची पाच वर्षे 8.6 मिळत राहिले. व्याजदर उतरत असताना दर किती आहे याइतकेच तो किती काळासाठी बांधला गेला आहे, हे पाहावे लागते. एप्रिल 2023 पासून हा दर 8.2 टक्के आहे. म्हणजे 30 लाखांवर तिमाहीला 61,500 रुपये, महिन्याकाठी 20,500. निवृत्तिवेतन आणि भाडे मिळवले तर 33,500 होतात; हप्ता संपलेला असेल, तर आपली ओढाताण जवळजवळ मिटते. वर्षाचे व्याज एक लाखाच्या वर जात असल्याने व्याजातूनच कर (टीडीएस) कापला जाईल, म्हणून आपल्यावर कर बसत नसल्याचे घोषणापत्र वेळेवर द्यावे.

पतसंस्थेबद्दल एकच सांगते. बँकेतील ठेवीला, सहकारी बँकही त्यात आली, पाच लाखांपर्यंत विमा संरक्षण असते. पतसंस्थेला ते नसते. दहा टक्क्यांचे गणित तिथेच संपते.

सातबारा

प्लॉटविषयी लिहितो, कारण बेसा-बेलतरोडीकडे हा व्यवहार मी जवळून पाहतो. एजंट ‘आर. एल. (रेग्युलरायझेशन लेटर) आहे’ असे तोंडी सांगतो. ते नियमितीकरणाचे पत्र नेमके त्याच प्लॉट क्रमांकाचे आहे का, डिमांडचे, म्हणजे नियमितीकरणासाठी मागितलेले, पैसे भरल्याची पावती आहे का आणि लेआउटचा नकाशा मंजूर आहे का, हे कागद हातात घेऊन पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नये. कागद चोख असले तरी मोकळा प्लॉट महिन्याला रुपयाही देत नाही, कुंपण आणि कर मात्र मागतो, आणि अडचणीच्या वेळी अर्धा प्लॉट विकता येत नाही. विकताना नफ्यावर 12.5 टक्के कर आहे. जुलै 2024 नंतर घेतलेल्या जमिनीला महागाई निर्देशांकाचा लाभ मिळत नाही. चाळिशीतल्या माणसाने घ्यावा. आपण घेऊ नये.

वर्धा रोड

सर्वांचे पटले, तरी एक त्रुटी राहते. 8.2 टक्के स्थिर राहतील, घरखर्च राहणार नाही. दहा वर्षांनी 35,000 मध्ये घर चालणार नाही. उरलेल्या 11 लाखांपैकी सहा-सात लाख एक, दोन आणि तीन वर्षांच्या बँक ठेवींत विभागून ठेवावेत, आणि चार लाख निफ्टी निर्देशांक फंडात (शेअर बाजारातील 50 मोठ्या कंपन्यांत पैसे घालणाऱ्या फंडात) वर्षभर थोडे थोडे करून घालावेत. फेब्रुवारी-मार्च 2020 मध्ये बाजार काही आठवड्यांत तिसऱ्या हिश्शाहून अधिक कोसळला होता. तसे पुन्हा झाले तरी सात वर्षे हात लावावा लागणार नाही, एवढीच रक्कम तिथे असावी.

जुना रोखपाल

चार नव्हे, दोन लाख म्हणेन. साठीत पहिल्याच वर्षी घसरण पाहिली की माणूस तळाला विकून मोकळा होतो. असे ग्राहक मी काउंटरवर बरेच पाहिले आहेत.

मानेवाडाकर

सर्वांचे आभार. आधी कर्ज, मग पोस्टात 30 लाख, असा क्रम ठरवला आहे. प्लॉटचे मेहुण्यांना समजावतो. कंपनीकडून घराचे मूळ कागद परत घेताना काय काळजी घ्यावी?

जुना रोखपाल

फेडीच्या आधी त्या तारखेपर्यंतच्या येणे रकमेचे लेखी पत्र घ्या आणि रक्कम धनादेशानेच किंवा आरटीजीएसनेच भरा. पूर्ण फेडीनंतर 30 दिवसांत मूळ कागदपत्रे परत देणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. त्यांच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई द्यावी लागते. हा नियम 1 डिसेंबर 2023 पासून गृहवित्त कंपन्यांनाही लागू आहे, त्यामुळे अर्जात त्याचा उल्लेख करून पोच घ्या.