हातमोज्यांवर पैसे घालू नका, हँडलला कपडे घाला

पहिली_पाळी
निफाड ते सातपूर, रोज पहाटे साडेपाचला निघतो. शंभर सीसीची गाडी. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा ५-६ वर आला की पेपरवाले बातमी करतात, आम्ही त्यातून गाडी चालवतो. चांदोरीजवळ गोदाकाठचं धुकं लागलं की बोटं आपली राहतच नाहीत. क्लच नीट दाबला गेला नाही हे गाडी बंद पडल्यावर कळतं.

तीन हिवाळ्यांत चार जोड हातमोजे झाले. लोकरीचे असले की वारा आरपार जातो, जाड असले की इंडिकेटरचं बटण सापडत नाही. यंदा हँडलवर चढवायच्या रेक्झिनच्या पिशव्या शिवून घेतल्या. आत साधे सुती मोजे, बास. माझं ठाम मत झालंय: थंडी हवेत कमी आणि वाऱ्यात जास्त असते. वारा हँडलपाशीच अडवा, हाताला सोडा.

लडाखरिटर्न
भाऊ, दिसतंय कसं ते सोडा (घोड्याला तोबरे बांधल्यासारखं दिसतं), पण हे धोक्याचं आहे. वेगात वाऱ्याने पिशवी मागे रेटली जाते आणि ब्रेकच्या लिव्हरवर टेकते. मागचा लाल दिवा सतत पेटलेला, मागच्याला वाटतं तुम्ही ब्रेक मारताय. शिवाय ऐनवेळी हात बाहेर काढायचा तर आधी पिशवी शोधा. त्यापेक्षा गरम होणारे ग्रिप लावा. लडाखमधली खारदुंग ला ही खिंड ५,३५९ मीटरवर आहे, तिथून उतरताना मी ग्रिपवाल्याला मनातल्या मनात नमस्कार घातला होता.

पहिली_पाळी
दादा, तुमची गाडी मोठी. गरम ग्रिपची जोडी पूर्ण ताकदीवर ३०-४० वॅट खाते. माझा हेडलाइट ३५ वॅटचा, आणि एप्रिल २०१७ नंतरच्या गाडीला तो बंद करायचं बटणच नाही. दोन्ही चालवून मी सातपूरला पोचेन, पण बॅटरी घरी परत येईल का? आणखी एक. ग्रिपने तळहात भाजून निघतो, वारा मात्र बोटांच्या पाठीवर बसतो.

ब्रेकच्या दिव्याचं मात्र खरं आहे. माझाही पेटत होता. लिव्हरच्या पुढे लोखंडी पट्टीची कमान बसवली, पिशवी आता तिच्यावर टेकते. ही कमान नसेल तर पिशव्या लावूच नका. हे मी वरच लिहायला हवं होतं.

नाइटड्युटी_सिस्टर
तुम्ही दोघंही हातालाच धरून बसलाय. छाती-पोट गार पडलं की शरीर हाताकडचं रक्त कमी करतं आणि आतले अवयव सांभाळतं. उघड्या गळ्याने आणि पातळ जॅकेटने निघालात तर कितीही भारी मोजे घाला, बोटं गारच. आधी गळ्याला मफलर, जॅकेटच्या आत एक थर जास्त. मोजे एक नंबर मोठे घ्या. घट्ट मोज्यात ना हवेचा थर राहतो ना रक्त नीट फिरतं.

आणि टपरीवर थांबून ‘जरा ऊब’ म्हणून सिगारेट ओढणाऱ्यांनी ऐका: निकोटिनने रक्तवाहिन्या आणखी आकसतात. चहाचा ग्लास धरा. बोटं वारंवार पांढरीफटक, मग निळी पडत असतील तर इथे विचारत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

दूध_सायखेडा
ताई बरोबर बोलल्या. आम्ही तीस वर्षं स्वेटरच्या आत पेपर घालतो. हाताला काहीच नाही, कारण माप धरायचं असतं. चरवी ओली, हात ओला. मोजे घातले तर तेच भिजून जास्त गारठवतात. उपाय एकच, गाडी ४० च्या वर न्यायची नाही. तुम्ही पोरं वारा अंगावर ओढवून घेता आणि मग पिशव्या शिवता.

पहिली_पाळी
काका, मानाने सांगतो, पण हे हिशोबात बसत नाही. वाऱ्याच्या गारठ्याचं गणित असतं. ५ अंशात ६० च्या वेगाला उघड्या कातडीला उणे २ सारखं लागतं, ४० ला उणे १ च्या जवळपास. फरक एका अंशाचा. उलट रस्त्यावर अर्ध्या पटीने जास्त वेळ काढायचा.

दूध_सायखेडा
असेल तुमचं गणित खरं. पण ४० ला पडलो तर मी उठून कपडे झटकतो. ६० ला बधिर हाताने पडून बघा.

म्युनिकर
मूळचा ओझरचा, सध्या जर्मनीत. इथे बरेच जण हिवाळ्यात दुचाकी ठेवूनच देतात. वर्षातले ठरावीक महिनेच चालवायची असेल तर नंबरप्लेटवर ते महिनेच छापून मिळतात. माझी मार्च ते ऑक्टोबर. थंडीत गाडी काढूच नये, हे माझं मत.

पहिली_पाळी
आमच्या कंपनीला विचारतो, पहिली पाळी मार्च ते ऑक्टोबर ठेवता का म्हणून.

दूध_सायखेडा
आणि म्हशीला कोण सांगणार?

लडाखरिटर्न
वॅटचं मान्य, छोट्या गाडीला ग्रिप झेपणार नाही. पिशवीबद्दल मत बदललेलं नाही. माझ्या भावाची रात्रपाळी अंबडला असते, त्याच्यासाठी विचारतो: ती कमान कुठे मिळाली?

पहिली_पाळी
वेल्डिंगवाल्याकडून वाकवून घेतली. हँडल पूर्ण वळवून टाकीला लागत नाही ना, ते तिथेच बघा. पिशव्या सीट कव्हरवाल्याने शिवल्या. तोंड मनगटापाशी सैल ठेवायला सांगा. माझं त्याने पहिल्यांदा घट्ट केलं होतं, हात आत जायचा, बाहेर यायचा नाही.