भूजलातल्या पीएफएएस तपासणीसाठी लॅब कशी निवडावी? (बजेट: १० बाटल्या)

खोलविहीर
नमस्कार मंडळी. अग्निशमनाच्या जुन्या सराव मैदानाच्या उताराला काही विहिरी आहेत. मैदानावर कित्येक वर्षं फेस मारून आग विझवण्याचा सराव चालायचा. त्या फेसातली पीएफएएस ही फ्लोरिनयुक्त रसायनं (पीएफओएस, पीएफओए आणि त्यांचा सगळा गोतावळा) विहिरींत उतरली आहेत का, ते तपासून घ्यायचंय. हातात दोन कोटेशनं आहेत.

'क' लॅब: मोठं नाव. पद्धत "५३७.१ सुधारित". प्रत्येक घटकाला रिपोर्टिंग लिमिट (ज्याच्या खालचा आकडा लॅब देत नाही) १ नॅनोग्रॅम प्रति लिटर. अहवाल दोन आठवड्यांत.
'ख' लॅब: नाव फारसं ऐकलेलं नाही. पद्धत ईपीए (अमेरिकेची पर्यावरण संस्था) १६३३. बहुतेक घटकांना लिमिट २, पीएफबीएला (याच गोतावळ्यातला एक घटक) ८. अहवाल पाच आठवड्यांनी.

बजेट १० बाटल्यांचं. ब्लँक (पीएफएएसमुक्त पाण्याची बाटली), डुप्लिकेट (एकाच विहिरीची दुसरी बाटली) सगळं धरून १०. अकरावी बाटली नाही, तेव्हा कृपया तेवढ्यात बसेल असंच सुचवा.

टोकाचा_पिपेट
'क' घ्या, डोळे झाकून. १ कुठे आणि २ कुठे! अमेरिकेने २०२४ साली पिण्याच्या पाण्यासाठी पीएफओए आणि पीएफओएसला प्रत्येकी ४ नॅनोग्रॅमची मर्यादा घातली. एवढ्या बारीक आकड्याशी खेळायचं तर लिमिट जितकी खाली तितकी बरी. आमच्या कंपनीचं सगळं काम नावाजलेल्या लॅबलाच जातं, आजवर एक तक्रार नाही. आणि १० बाटल्यांत काय होणार? निदान २५ तरी करा.

शेजारचा_शेजारी
+१. 'क'. नाव मोठं असतं ते उगाच नसतं. आणि २५ नाही, ३० करा.

नळाखाली
एवढी तपासणी करत बसण्यापेक्षा सरळ आरओ का बसवत नाही? आम्ही बसवला, विषय संपला. पाणीही गोड लागतं.

खोलविहीर
@नळाखाली, धागा लॅबचा आहे हो. पाण्यात काय आहे तेच माहीत नसताना कशावर उपाय करायचा? आणि चवीवरून पीएफएएस कळत नाही.

पांढराकोट
मी याच कामात आहे, त्यामुळे जरा लांबण लावतो.

"५३७.१ सुधारित" नावाची कुठली अधिकृत पद्धत नाही. ५३७.१ लिहिली गेली ती पिण्याच्या पाण्यासाठी, १८ घटकांसाठी. विहिरीचं गढूळ पाणी, सांडपाणी, माती तिच्या कक्षेत येत नाहीत. त्यांच्यासाठी १६३३ आहे: जानेवारी २०२४ मध्ये पक्की झाली, ४० घटक, आणि तिच्यात भूजल, माती, गाळ, लँडफिलचा निचरा, माशांचं मांस हे सगळं येतं. 'सुधारित' म्हटलं की काय सुधारलं ते लॅबच्या मर्जीवर.

दुसरं. अहवालावर आयएसओ १७०२५ चा (लॅबच्या क्षमतेच्या मानकाचा) शिक्का आहे एवढ्यावर थांबू नका. मान्यतेचं परिशिष्ट मागवा. पद्धत, नमुन्याचा प्रकार आणि घटक असं तिन्ही त्यात ओळीने लिहिलेलं असतं. 'भूजल' नसेल तर तुमच्या विहिरींसाठी तो शिक्का नुसती शोभा.

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं: ब्लँक. ही रसायनं लॅबच्या आतच असतात. एलसीच्या (घटक वेगळे करणाऱ्या मशीनच्या) नळ्यांत टेफ्लॉन, सॉल्व्हेंटच्या झाकणात टेफ्लॉन. म्हणून पंप आणि इंजेक्टरच्या मध्ये एक डिले कॉलम बसवतात. मशीनमधून आलेला पीएफओए त्यात अडकून उशिरा निघतो, आणि नमुन्यातल्या पीएफओएचं शिखर (आलेखातला उंचवटा) वेगळं दिसतं. हा कॉलम आहे का, ते दोघांनाही विचारा. मग मागच्या काही बॅचचे मेथड ब्लँकचे (लॅबने नमुन्यासारख्याच तपासलेल्या स्वच्छ पाण्याचे) आकडे मागा. लिमिट १ सांगतात आणि ब्लँकमध्येच ०.८ सापडतंय, तर ते १ शोभेचं.

टोकाचा_पिपेट
लॅबवाले नेहमी ब्लँक ब्लँक करत बसतात. गिऱ्हाइकाला आकडा लागतो.

अर्धीबाटली
आकडा लागतो ना? मग आमचा ऐका. एका लॅबने (नाव घेत नाही) आमच्या बाटलीतलं अर्धंच पाणी ओतून घेतलं आणि उरलेलं "पुन्हा लागलं तर" म्हणून फ्रिजमध्ये ठेवलं. पीएफओएस अगदी कमी आला. आम्ही खूश. दुसऱ्या लॅबकडे त्याच विहिरीचं पाणी गेलं तर कितीतरी जास्त. भांडलो, पत्रं लिहिली, शेवटी उत्तर आलं की "नमुना एकसंध नसावा". आमचे पैसे गेले ते गेलेच.

पांढराकोट
@अर्धीबाटली, कारण सरळ आहे. लांब साखळीचे घटक प्लास्टिकच्या भिंतीला चिकटतात, फेसाळ पाण्यात वर तरंगतात. म्हणून १६३३ मध्ये अख्खी बाटली वापरायची असते. भरलेली बाटली तोलायची, पाणी कार्ट्रिजमधून (रसायनं धरून ठेवणाऱ्या नळीतून) सोडायचं, मग रिकामी बाटली अमोनियायुक्त मिथेनॉलने खळबळून तेही त्याच कार्ट्रिजवर ओतायचं, आणि रिकामी बाटली पुन्हा तोलायची. दोन वजनांच्या फरकातून आकारमान निघतं. मोजपात्रात पाणी ओतलं की तिथेही चिकटतं, हा त्यातला मुद्दा. सरळ विचारा: "बाटली खळबळता का?" उत्तर द्यायला वेळ लागला तर समजून जा.

ढगांखाली
नमुना घ्यायला जाताना वॉटरप्रूफ जॅकेट घालू नका, हे अजून कुणी कसं सांगितलं नाही? टेफ्लॉन टेप नको, चिकटचिठ्ठ्या नकोत, क्रीम नको, कपड्यांना सॉफ्टनर नको. मी तर नमुन्याच्या दिवशी साबणही लावत नाही.

शेजारचा_शेजारी
साबण न लावणाऱ्या माणसाजवळ उभं राहून नमुना कोण घेणार? :)

पांढराकोट
टेफ्लॉन टेप आणि वॉटरप्रूफ कपडे टाळा, हे बरोबर. बाकी यादी सावधगिरीची आहे. स्वच्छ नायट्राइल हातमोजे, दर विहिरीला नवी जोडी, आणि बाटलीचं झाकण उघडं ठेवून गप्पा नकोत. शंका असेल तर तिचं उत्तर फील्ड ब्लँक देतो: लॅबने दिलेलं पीएफएएसमुक्त पाणी विहिरीपाशीच उघडून दुसऱ्या बाटलीत ओतायचं. तो स्वच्छ आला तर तुमच्या जॅकेटवर कुणी बोट ठेवू शकत नाही.

ढगांखाली
मी तरी साबण लावणार नाही.

चौथी_पातळी
अमेरिकी संरक्षण खात्याची क्वालिटी सिस्टिम्स मॅन्युअल (क्यूएसएम) वाचा आणि ती पाळणारीच लॅब घ्या. मेथड ब्लँकमध्ये एलओक्यूच्या (खात्रीने मोजता येणाऱ्या किमान प्रमाणाच्या) निम्म्याच्या वर काही दिसता कामा नये, असा तिचा दंडक आहे. आम्ही प्रत्येक प्रकल्पात कच्च्या क्रोमॅटोग्रामसकट (मशीनच्या मूळ आलेखांसकट) पूर्ण डेटा पॅकेज घेतो आणि वर तिसऱ्याच माणसाकडून व्हॅलिडेशन (आकड्यांची पडताळणी). शेवटच्या कामाचे कागद दोन खोक्यांत बसले नाहीत.

खोलविहीर
@चौथी_पातळी, दादा, १० बाटल्या. दहा.

चौथी_पातळी
मग बजेट वाढवा. दर्जाशी तडजोड नको.

फ्लोरिनवाली
लॅब ठरवण्याआधी एक वेगळा विचार: ईपीए १६२१ ने एकूण शोषणक्षम सेंद्रिय फ्लोरिन मोजून घ्या. ४० घटकांची यादी केली तरी फेसातले कितीतरी घटक यादीत नसतात. १६२१ ते सगळं जाळून फ्लोराइड मोजते. मी तर आधी तेच करते.

पांढराकोट
कल्पना चांगली, पण १६२१ मायक्रोग्रॅमच्या पातळीवर चालते. ताईंच्या विहिरीत २०-३० नॅनोग्रॅम असेल तर ती "काही नाही" म्हणेल. अगदी मैदानाच्या मधोमधच्या पाण्याला ठीक.

टोकाचा_पिपेट
म्हणजे पुन्हा लिमिटच आली ना? मी काय म्हणत होतो?

पांढराकोट
लिमिट महत्त्वाचीच, पण खरी असायला हवी. बरं, अजून दोन गोष्टी. पीएफबीएला एकच ट्रान्झिशन (मशीन ज्यावरून घटक ओळखतं ती खूण) मिळतं, पडताळणीला दुसरं नसतं. 'ख' ने त्याची लिमिट ८ ठेवलीय, मला तो प्रामाणिकपणा वाटतो. दुसरं, जुन्या फेसातल्या पीएफओएसमध्ये साधारण ३० टक्के शाखी समघटक (फाटे फुटलेल्या साखळीचे रेणू) असतात. क्रोमॅटोग्रामवर मुख्य शिखराच्या आधी त्यांचा खांदा दिसतो. लॅबने तो खांदा सोडून फक्त सरळ साखळीचं शिखर मोजलं तर आकडा आपोआप "छान" येतो. एक नमुना क्रोमॅटोग्राम मागा आणि बेसलाइन (शिखराखालची तळरेघ) कुठून कुठे ओढलीय ते बघा.

माझा सल्ला: 'ख', पण १४ बाटल्या करा. दोन डुप्लिकेट आणि मॅट्रिक्स स्पाइकची (नमुन्यात घटक मुद्दाम घालून तो किती परत मिळतो ते बघण्याची) जोडी हवीच.

नळाखाली
लँडफिलचा निचरा, माशांचं मांस... वाचूनच जेवण जाईना. तवा पण बदलावा का?

शेजारचा_शेजारी
@नळाखाली, तव्यासाठी वेगळा धागा काढा, मी येतो.

खोलविहीर
दोन्ही लॅबना मेल केली होती. उत्तरं आली.

'क': मान्यतेच्या परिशिष्टात फक्त पिण्याचं पाणी. भूजलाबद्दल विचारलं तर "तीच पद्धत वापरतो, काळजी नसावी". ब्लँकचे आकडे गोपनीय. बाटली खळबळण्याबद्दल सेल्सच्या माणसाने "तांत्रिक टीमला विचारतो" म्हटलं, ते अजून विचारताहेत.

'ख': परिशिष्टात १६३३, भूजल आणि माती दोन्ही. डिले कॉलम आहे. मागच्या बॅचचे ब्लँक पाठवले, पीएफओए बहुतेक ठिकाणी ०.३ च्या आत, एका बॅचमध्ये ०.९, आणि त्या बॅचपुढे "पुन्हा काढला" असा शेरा. लेबल केलेल्या मानकांची (नमुन्यात घातलेल्या, समस्थानिकाची खूण असलेल्या घटकांची) रिकव्हरीही (किती परत मिळालं ते) घटकवार दिली. एका घटकाची ३८ टक्के होती, ती लपवली नाही. क्रोमॅटोग्राममध्ये खांदा धरलाय.

'ख' ठरली. पण बाटल्या दहाच. आठ विहिरी, एक फील्ड ब्लँक, एक डुप्लिकेट. मॅट्रिक्स स्पाइक नाही, कारण १६३३ मध्ये लेबल केलेली मानकं प्रत्येक नमुन्यातच घातलेली असतात. तेवढ्यावर मी भागवतेय.

टोकाचा_पिपेट
म्हणजे सगळ्यांनी 'क' सांगितलं तरी 'ख'च. मग विचारलं कशाला?

चौथी_पातळी
आणि व्हॅलिडेशन न करताच. बघा बुवा.

पांढराकोट
स्पाइकशिवाय मी केलं नसतं. यादीतल्या प्रत्येक घटकाला स्वतःचं लेबल केलेलं जोडीदार मानक नसतं, काहींना शेजाऱ्याचं उसनं घ्यावं लागतं. अहवालात त्या घटकांकडे जरा संशयाने बघा. बाकी निवड पटली.

पाच आठवड्यांची धास्ती नको. ते अहवालाचे आहेत. ०-६ अंशांवर ठेवलेल्या पाण्याचं एक्सट्रॅक्शन (घटक पाण्यातून काढणं) २८ दिवसांत व्हायला हवं, एवढं लेखी घ्या. गोठवून ठेवलं तर ९० दिवस चालतं. काही पूर्वगामी घटक (ज्यांच्यापासून पुढे दुसरे पीएफएएस बनतात ते) फ्रिजमध्ये आठवड्याभरानंतर बदलायला लागतात, म्हणून जमलं तर पहिल्या सात दिवसांतच उरकायला सांगा. आणि मैदानाच्या सगळ्यात जवळच्या विहिरीची बाटली वेगळी खूण करून पाठवा. हलवल्यावर फेस टिकत असेल तर तसं फॉर्मवर लिहा. लॅब ती आधी पातळ करून तपासून घेईल, नाहीतर त्यांचं मशीन आणि रांगेतल्या तुमच्याच पुढच्या बाटल्या दोन्ही खराब व्हायच्या.

खोलविहीर
हे कोटेशनमध्ये नव्हतं. फॉर्म मागवते.

ढगांखाली
आणि जॅकेट?

खोलविहीर
सुती शर्ट. साबण मात्र लावणार.